नववा दाणा

लिफ्टचं दार मिटता मिटता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आत शिरल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाचा हात कसा आहे हो आता?" मी म्हणालो, "प्लास्टर निघालं, पण मूठ मिटत नाही अजून." "मऊ चेंडू द्या दाबायला," त्या म्हणाल्या. "दिलाय. पण ऐकतो कुठं तो." लिफ्ट तळाला टेकली, वहिनी उजवीकडे गेल्या, मी डावीकडे, आणि फाटकापर्यंत मी मनातल्या मनात त्या भावावर चांगलाच वैतागलो होतो. लहानपणापासूनचा हेकट. डॉक्टरांनी सांगितलेलं एक करील तर शपथ. त्याची अर्धवट मिटलेली बोटं मला दिसत होती, अंगठ्याचं नखसुद्धा, मधोमध चिरलेलं. फाटकाची कडी काढली आणि पाय जागच्या जागी थबकले. मला भाऊ नाही. कधीच नव्हता. तीन बहिणी, तिघी माझ्याहून मोठ्या, तिघींचे हात धडधाकट. लहानपणी त्यांचा पुरेसा प्रसाद मिळालाय मला. भाऊ मीच गेल्या वर्षी जन्माला घातला, इमारतीच्या टाकीची बैठक चुकवायला, आणि तो बिचारा शिडीवरून पडला तोही माझ्याच सोयीनं.

थापा मारणं हा माझा आयुष्यभराचा छंद. त्याची लाज वाटायचं वय केव्हाच निघून गेलं. पण थापाड्यालाही एक रीत असते. रफू केलेलं कापड उजेडात धरलं की शिंप्याला आपला टाका दिसतो, तशी मला माझी शिवण नेहमी दिसायची: इथपर्यंत घडलं, इथून पुढं माझं. ऐकणारा फसला तर तो आनंद, सांगणारा फसला तर तो रोग. आणि आज सकाळी सव्वानऊला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मी एका नसलेल्या माणसाच्या अंगठ्याचं नख पाहिलं होतं आणि शिवण सापडली नव्हती. एरवी हसलो असतो, परत वर जाऊन हिला सांगितलं असतं. पण हीही आता नाही. ही मात्र होती, हे मला खात्रीनं ठाऊक आहे. आणि आज अकरा वाजता विद्यापीठात मला एक शब्द बोलायचा होता, हो किंवा नाही. त्या शब्दावर तीन वर्षांचं काम, बाईंचं उभं आयुष्य आणि एका मुलीची पीएचडी लटकत होती. शर्टाच्या खिशात कालपासून एक घडी घातलेला कागद होता. त्यावर नऊ ओळी होत्या. माझ्या हिशेबानं आठ असायला हव्या होत्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कागद काढला नाही, नुसता खिशावरून चाचपला. सगळा घोळ समजायचा तर आमचा धंदा समजायला हवा, आणि तो समजावणं मला बाईंपेक्षा बरं जमतं. बाई म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. डार्क मॅटर म्हणजे काय हे सांगायला त्यांना वर्गातले तीन फळे खडूनं भरावे लागतात. मी नव्यांना खाणीत खाली नेताना लिफ्टच्या पिंजऱ्यातच सांगून टाकायचो: काही घरांत एक माणूस असतो, तो कोणाशी बोलत नाही, फोटोत येत नाही, सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही, पण अख्खं घर त्याच्या खोलीकडे कललेलं असतं. ते हे. विश्वात असलं द्रव्य आपल्या नेहमीच्या द्रव्याच्या पाचपट आहे, आणि अजून एकाही माणसाला त्याचा धक्का लागलेला नाही. वर जमिनीवर आकाशातून सारखा कणांचा मारा चालू असतो. त्या गलक्यात असल्या घुम्या पाहुण्याची चाहूल कशी लागणार? म्हणून एका बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी, डोक्यावर चौदाशे मीटर दगड घेऊन, आम्ही द्रवरूप झेनॉनची टाकी मांडून बसलोय. टाकीच्या भिंतींना शेकडो काचेचे डोळे. एखादा कण आत झेनॉनच्या अणूवर आदळला तर काजव्यालाही कीव यावी इतका उजेड पडतो, तो हे डोळे टिपतात. त्यातले जवळजवळ सगळे उजेड फालतू. दगडातला, धातूतला किरणोत्सर्ग. ते एकेक ओळखून वगळायचं काम ज्या मुलीकडे आहे तिला आम्ही वजाबाकी म्हणतो. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "सकाळी केळं खाल्लंस का?" ती हो म्हणाली. केळ्यात किंचित किरणोत्सर्ग असतो, हे खरं. "मग टाकीजवळ श्वास रोखून धर," मी म्हणालो, हे माझं. ती लालबुंद होईपर्यंत उभी राहिली बिचारी. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" मी म्हणालो, "रोखून."

हसू आलं आणि बसच्या काचेत तेच हसू मला परत दिसलं, तेव्हा ते आवरलं. कारण विश्वास ठेवण्याच्या जागी त्यांनी मला बसवलं होतं. त्याचं असं आहे की, तीस वर्षं एखादी गोष्ट शोधणाऱ्या माणसाला ती दिसायला लागते. म्हणून आमच्यासारखे गट आपल्याच मोजणीत मुद्दाम खोटे उजेड पेरतात, खऱ्यासारखे हुबेहूब, किती आणि कधी ते शोधणाऱ्याला कळू न देता. मग शोधणारा हुरळत नाही. त्याला माहीत असतं, हा खोटाही असू शकेल. याला आमच्याकडे मीठ म्हणतात. एक खोटा उजेड म्हणजे एक दाणा. मीठ कोणी टाकायचं यावर बैठक झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "चेहरा न हलवता खोटं बोलणारा आपल्याकडे एकच माणूस आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर तिखटमीठ लावून बोललो, निवृत्तीच्या तोंडावर त्यातल्या मिठाला खुर्ची मिळाली. नियम साधा होता. आठवड्यातून एकदा फासे टाकायचे. फासे सांगतील तर दाणा, नाहीतर घरी. दाणा असेल तर आधी वहीत तारीख, वेळ, आकार लिहायचा, मग मशीनला सांगायचं. मशीन विचारतं, "टाकू?" हो म्हटलं की दाणा आत जातो आणि मशीन स्वतःच्या पोटातला मागमूस पुसून टाकतं, कोणी डोकावू नये म्हणून. उरते ती फक्त वही. शेवटी वही सीलबंद पाकिटात, आणि उघडायच्या दिवशी बाई मला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारणार: या वहीबाहेर तुम्ही काही टाकलंय का?

आधी लिहा, मग टाका. मी उलटं करत होतो. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच महिन्यात एकदा मी लिहिलं आणि मशीन अडकलं, दाणा गेलाच नाही, मला ओळ खोडावी लागली. आणि माझी वही, काय सांगू, मोत्यासारखी होती. त्या एका खोडलेल्या ओळीनं पान नासलं. तेव्हापासून मी आधी टाकायचो, गेला याची खात्री झाली की मग शाई. सुबकपणापायी. माणूस चोरी करतो, लाच खातो, त्याला कारण तरी असतं. मी एका खोडाखोडीसाठी नियम फिरवला.

बस बोगद्यात शिरली आणि काच काळी झाली. खिशातला कागद म्हणजे फालतू उजेड वगळून उरलेल्या नऊ उजेडांची यादी, माझ्या वहीत दाणे आठच, आणि नवव्या ओळीतली तारीख मी काल कागद उघडताक्षणी ओळखली होती. दुपारी तीन वाजून सतरा मिनिटं. त्या दिवशी त्याच सुमाराला खालच्या नियंत्रण कक्षातला काळा फोन वाजला होता आणि ही म्हणाली होती, "अहो, घाबरू नका, पाय घसरलाय फक्त. पण उठता येत नाहीये." फासे टाकून झाले होते. दाणा निघाला होता. मशीन विचारत होतं, टाकू? एवढं पक्कं. साडेतीनला मी पिंजऱ्यात होतो, कारण पिंजरेवाल्याच्या नोंदीत तसं आहे. मधली काही मिनिटं. काल रात्रीपर्यंत मला त्या मिनिटांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मी 'नाही' दाबलं, फोन ठेवला आणि धावलो. बूट बदलायला थांबलो नाही. हे मला दिसत होतं, स्वच्छ, टाकीजवळ घालायच्या त्या पांढऱ्या सूटची चेन खालपर्यंत उघडी आणि एक बाही लोंबकळणारी. पण स्वच्छ तर भावाच्या अंगठ्याचं नखही दिसलं होतं.

त्या दिवसाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल? ही तीन आठवड्यांनी गेली. हाड सांधलं, ती सांधली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचंच होतं, गप्प बसून राहणं मला कधी जमलं नाही. थोरल्या बहिणीला सांगितलं की फोन वाजायच्या आधीच मला कळलं होतं, हातातला कप तडकला. इमारतीत सांगितलं की पिंजरा मध्येच अडकला आणि मी दोनशे पायऱ्या शिडीनं चढलो. डॉक्टरांना सांगितलं की ही फोनवर हसत होती. एका आवृत्तीत मी तिला सांगतो, "गाणं म्हणत राहा, मी येईपर्यंत थांबू नकोस," आणि ती म्हणते, "तुम्ही आलात तर थांबावंच लागेल." हे वाक्य तिचं की माझं? तिच्या तोंडी शोभतं. पण तिच्या तोंडी शोभतील अशी वाक्यं मी तीस वर्षं रचत आलोय. शिंप्यानं एकाच फाटक्या जागेवर रफूवर रफू केलं की शेवटी मूळ कापडाचा एक धागा उरत नाही, नुसते टाके उरतात, आणि ते इतके घट्ट की फाटलं कुठं होतं तेही सांगता येत नाही. ज्या दिवसाची मला आज नेमकी मिनिटं हवी होती, तोच दिवस मी सगळ्यात जास्त नटवला होता. का नटवला, तेही बोगद्याच्या त्या काळ्या काचेत मला विचारावं लागलं. काहीतरी झाकायचं असल्याशिवाय माणूस एवढं कापड वापरत नाही. आणि मग एक आवाज आला, तो मी कधी कोणाला सांगितलेल्या गोष्टीत नव्हता. माझाच. "एक मिनिट हं." फोनवर. "एक मिनिट हं, हातातलं टाकतो आणि निघतो."

किंवा "हातातलं टाकून निघतो". टाकून म्हणजे सोडून की टाकून म्हणजे टाकून? मराठीनं इथं मला चांगलंच खिंडीत गाठलं. आणि हा आवाज तरी खरा कशावरून? कालपासून मी त्या दिवसाला इतकं टोचतोय की त्यानं कंटाळून काहीतरी पुढं केलं असेल, पोलिसांपुढं कबूल करणाऱ्या निर्दोष माणसासारखं. बस उजेडात आली. मला घाम आला होता आणि शेजारचा माणूस किंचित सरकून बसला होता.

आता गंमत बघा, गंमतच म्हणायची. मी 'नाही' म्हणालो, वहीबाहेर काही टाकलं नाही, तर नवव्या ओळीतला उजेड खरा. एका उजेडानं सिद्ध काही होत नसलं तरी जगाला मान वळवायला तो पुरतो. बाईंना निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलंय, त्यांच्या हयातीतला पहिला. आणि त्याच एका शब्दात मी सुटतो: मी दाणा टाकला नाही, मी फोन ठेवला आणि धावलो, ती फरशीवर एक मिनिटही माझ्यासाठी थांबली नाही. 'हो' म्हणालो तर बाईंच्या हातात काही नाही, आणि मी एक खोटा उजेड नीट पडावा म्हणून बायकोला थंडगार फरशीवर वाट बघायला लावली. मला 'नाही' हवं होतं. सगळ्या अंगानं हवं होतं. गेल्या तीस वर्षांत मला इतकं काहीच हवं नव्हतं. आणि असल्या हवं असण्यावर उतारा म्हणूनच तर मीठ होतं.

विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीबाहेर, पणसाहेब कॉफीचा कागदी पेला घेऊन उभे होते. हे आमचे दोन नंबरचे शास्त्रज्ञ. त्यांचं बोलणं 'पण'नंच सुरू होतं. "पण तुम्ही झोपला होतात का रात्री?" ते म्हणाले. "पण मी नाही झोपलो." वजाबाकी दाराशीच होती. डोळे सुजलेले, केस ओले. "काका, फक्त मान हलवा," ती म्हणाली. "आठ की नऊ? मी कोणाला सांगणार नाही." "नियम काय आहे?" मी म्हणालो. "नियम गेला चुलीत. मी रात्रभर त्या नवव्याकडे बघतेय. तो इतका सुंदर आहे ना की माझा विश्वासच बसत नाही. इतकं सुंदर तुम्हीच करू शकता." "ही स्तुती की शिवी?" "तुम्हाला दोन्हीत फरक पडतो का?" ती हसली, पण ओठ कोरडे होते. मला वाटलं, मुली, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रोखूनसुद्धा नको. तेवढ्यात बाई आल्या आणि सगळे आत गेलो.

सात जण होतो. लांब टेबल, मधोमध पाकीट. बाईंनी सील सगळ्यांना दाखवलं, कात्रीनं कापलं, वही काढली. "अक्षर काय आहे," कोणीतरी म्हणालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजाबाकी एकेक ओळ वाचत गेली आणि बाई वहीत बोट ठेवून "आहे" म्हणत गेल्या. आहे. आहे. प्रत्येक 'आहे'ला एक उजेड विझत होता आणि प्रत्येकाचं लक्ष पुढच्या ओळीकडे सरकत होतं. आठ वेळा आहे. नवव्याला वजाबाकीचा आवाज चिरकला. तिनं तारीख दोनदा वाचली. बाईंनी पान उलटलं, परत उलटलं, शेवटचं कोरं पानसुद्धा बोटांनी चाचपलं. "नाही," त्या म्हणाल्या. पणसाहेबांच्या तोंडून नुसतं "पण" निघालं आणि पुढं वाक्यच आलं नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "विचारायचं म्हणून विचारते. या वहीबाहेर तुम्ही काही टाकलंय का?"

'नाही' ओठांवर तयार होतं. उबदार होतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

आणि ते हसले. सगळे, एकदम, कोंडलेली वाफ सुटावी तसे. "काका, नका हो ताणू," वजाबाकी पोट धरून म्हणाली, "जीव जाईल माझा." पणसाहेब डोळे पुसत म्हणाले, "पण कमाल आहे या माणसाची." "मला खरंच माहीत नाही," मी म्हणालो, आणि त्याला आणखी हशा मिळाला, कारण माझा चेहरा हलत नव्हता, आणि त्याचसाठी तर त्यांनी मला नेमलं होतं. चेहरा कसा हलवतात हेच आठवेना. मी टेबलाची कड धरली. "वहीत आधी लिहायचं होतं. मी आधी टाकायचो. दुसऱ्या महिन्यापासून. त्या दिवशी फासे पडले होते, मशीन विचारत होतं, तेवढ्यात फोन आला. हिचा. ती पडली तो दिवस आहे तो." हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं, सगळ्यात शेवटी वजाबाकीच्या. "मी काय दाबलं ते मला आठवतं. पण जे मला आठवतं ते मी पुष्कळदा सांगितलेलं आहे. त्याचा भरवसा धरू नका."

"पण मग तेवढा एक दिवस काढून टाकू," पणसाहेब म्हणाले, घाईघाईनं. "बाकी सगळं स्वच्छ आहे. आठच्या आठ जुळलेत."

"दिवस उत्तर बघून काढायचा?" बाई म्हणाल्या. "मग ती मोजणी नाही, सोय. आणि लिहिण्याआधी टाकत होते म्हणतायत ते. एक लिहायचा राहिला असेल तर दुसरा राहिला नसेल कशावरून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "खात्रीनं नाही म्हणता येईल का तुम्हाला? जरा वेळ घ्या. हवं तर उद्या सांगा."

वेळ मला द्यायला नको होता. उद्यापर्यंत माझ्याकडे धावणारे बूट असते, पिंजऱ्याच्या दाराचा आवाज असता, तिचं एखादं वाक्य असतं, आणि त्या सगळ्याला इतका सुरेख रंग चढला असता की मी स्वतः शपथ घेतली असती. "नाही," मी म्हणालो. "उद्या सांगेन ते अजून खोटं असेल."

वजाबाकी उठली. "तीन वर्षं, काका," ती म्हणाली. तेवढंच. मी "हो" म्हणालो. ती गेली, दार तिनं आपटलं नाही, हळू लावलं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी बराच वेळ टीं टीं करत राहिली. "म्हणजे परत सुरुवातीपासून," कोणीतरी म्हणालं. बाईंनी चष्मा घातला. सुरुवातीपासून म्हणजे आणखी तीन वर्षं, आणि त्यातली दीड त्यांची नाहीत, हे गणित खोलीतल्या प्रत्येकानं केलं. "परत," त्या म्हणाल्या. मग एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "जे आत्ता बोललात ते लिहून द्या. नोंदीला लागेल. मीठ पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी बघेल."

पेन घेतलं. तारीख घातली. वेळ, तीन सतरा. हा उजेड मी टाकला की नाही, हे मला माहीत नाही. पूर्णविराम दिला. अक्षर सुरेख आलं होतं आणि पुढं कागदावर भरपूर जागा होती. हात तिथंच घुटमळला. आणखी एक ओळ त्याला हवी होती, तिच्याबद्दल, फरशीबद्दल, निदान फोनबद्दल. ती ओळ तयार होती आणि फार चांगली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद बाईंकडे सरकवला.